बोरिस कार्लॉफ

बोरिस कार्लॉफ (मूळ नाव विल्यम हेन्री प्रॅट, २३ नोव्हेंबर, इ.स. १८८७ – २ फेब्रुवारी, इ.स. १९६९) हे इंग्लंडमध्ये जन्मलेले आणि अमेरिकेत नावारूपाला आलेले चित्रपट व नाट्य अभिनेते होते. इ.स. १९३१ च्या 'फ्रँकेनस्टाइन' या बोलपटात त्यांनी उभा केलेला मानवनिर्मित राक्षस भयपटांच्या इतिहासातील सर्वांत ओळखीचा चेहरा ठरला. त्यानंतर जवळजवळ चार दशके ते प्रामुख्याने कमी खर्चाच्या भयपटांतून काम करीत राहिले. त्यांच्या आईच्या घराण्याची पाळेमुळे अहमदनगर आणि पुणे येथील लष्करी छावण्यांत होती. ही गोष्ट महाराष्ट्रात फारशी ठाऊक नाही, आणि खुद्द त्या घराण्यानेही ती अनेक वर्षे झाकून ठेवली होती.

घराणे : नगर, पुणे आणि लंडन

एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इलाख्यातील सैन्यात विल्यम ग्लॅसकॉट नावाचे एक लेफ्टनंट होते. मेरी ॲन ही त्यांची मुलगी. मेरी ॲनची आई हिंदी अथवा मिश्र वंशाची असावी, असे अलीकडच्या चरित्रकारांचे मत आहे. मेरी ॲनचा विवाह टॉमस एडवर्ड्स या सार्जंटाशी झाला. त्यांना एलायझा आणि ॲना अशा दोन मुली झाल्या. धाकट्या ॲनाचा जन्म २६ नोव्हेंबर, इ.स. १८३१ रोजी अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे झाला. मुलगी जन्मण्यापूर्वीच टॉमस एडवर्ड्स मृत्यू पावले होते. छावणीतील विधवेला पुनर्विवाहावाचून गत्यंतर नसे. मेरी ॲनने पॅट्रिक डोनोहो या आयरिश शिपायाशी लग्न केले आणि मुली सावत्र वडिलांच्या बदल्यांबरोबर एका छावणीतून दुसऱ्या छावणीत वाढल्या.

थोरली एलायझा हिचे लग्न इ.स. १८४५ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास, गुजरातेतील डीसा येथे जेम्स मिलार्ड या तोफखान्यातील सार्जंट-मेजराशी झाले. त्यांची मुलगी एलायझा सेरा मिलार्ड हीच पुढे बोरिस कार्लॉफ यांची आई झाली. धाकटी ॲना हिने इ.स. १८४९ च्या नाताळच्या दिवशी पुण्यात टॉमस लिऑन ओवेन्स या कारकुनाशी विवाह केला. वैधव्य आल्यावर ती ॲना लिओनोवेन्स या नावाने सयामच्या राजदरबारात शिक्षिका म्हणून गेली. इ.स. १८६२ ते १८६७ या काळात राजा मोंगकुत यांच्या मुलांना तिने इंग्रजी शिकवले. तिच्या आठवणींवरून मार्गारेट लँडन यांनी इ.स. १९४४ मध्ये कादंबरी लिहिली. तिच्यावर आधारलेले 'द किंग अँड आय' हे संगीत नाटक आणि पुढे त्याच नावाचा चित्रपट जगभर गाजला.

ॲनाने आपला जन्म वेल्समध्ये झाल्याचे सांगितले आणि वडिलांना सार्जंटाचे कॅप्टन केले. त्या काळच्या गोऱ्या समाजात मिश्र रक्ताच्या माणसाला, ज्यांना तेव्हा युरेशियन म्हणत, बढतीपासून विवाहापर्यंत सर्वत्र दुय्यम स्थान असे, हे ध्यानात घेतले म्हणजे या खोटेपणाचे कारण कळते. त्याची किंमत मात्र बहिणीला मोजावी लागली. एलायझा सेरा हिने एडवर्ड जॉन प्रॅट या युरेशियन गृहस्थांशी लग्न करण्याचे ठरवले, तेव्हा ॲनाने त्याला विरोध केला आणि पुढे बहिणीच्या कुटुंबाशी संबंधच तोडून टाकले.

एडवर्ड प्रॅट हे ब्रिटिश हिंदुस्थानच्या मीठ महसूल खात्यात अधिकारी होते. वसई-भाईंदरकडची मिठागरे पाहणाऱ्या आजच्या वाचकाला मिठाच्या अधिकाऱ्याचा हुद्दा किरकोळ वाटण्याचा संभव आहे. मिठावरील कर हे त्या काळी सरकारी उत्पन्नाचे मोठे साधन होते आणि हे खाते प्रतिष्ठेचे मानले जाई.

बालपण आणि देशांतर

विल्यम हेन्री प्रॅट यांचा जन्म लंडनच्या कॅम्बरवेल भागात झाला. नऊ भावंडांत ते शेंडेफळ होते. आईचे छत्र लहानपणीच हरपल्यामुळे थोरल्या भावंडांनी त्यांना एन्फिल्ड येथे वाढवले. पाय किंचित धनुष्याकृती, बोलताना अडखळणे आणि 'स'चा उच्चार बोबडा, अशी त्यांची लहानपणची स्थिती होती. अडखळणे त्यांनी प्रयत्नपूर्वक घालवले, बोबडेपणा मात्र अखेरपर्यंत राहिला. पुढे तोच त्यांच्या आवाजाची ओळख बनला.

घरातील मुलांनी सरकारी सेवेत जायचे, असा प्रघात होता. त्यांचे एक बंधू जॉन हे चीनमधील ब्रिटिश वकिलातीत मोठ्या पदापर्यंत पोहोचले व त्यांना 'सर' हा किताब मिळाला. विल्यम यांनाही लंडनच्या किंग्ज महाविद्यालयात त्याच वाटेने धाडण्यात आले. मात्र त्यांचे लक्ष नाटकांकडे होते. इ.स. १९०९ मध्ये शिक्षण अर्धवट टाकून ते कॅनडात गेले. तेथे शेतावर मजुरी, चर खणणे, ओझी वाहणे अशी मिळेल ती कामे त्यांनी केली.

इ.स. १९११ मध्ये कॅमलूप्स येथील एका फिरत्या नाटक मंडळीत त्यांना प्रवेश मिळाला आणि त्यांनी बोरिस कार्लॉफ हे नाव घेतले. कार्लॉफ हे आजोळकडचे जुने आडनाव असल्याचे ते सांगत. त्यांच्या मुलीला मात्र घराण्यात असे आडनाव आढळले नाही. नटाचा धंदा पत्करल्यामुळे सरकारी सेवेतील भावांना कमीपणा येऊ नये, हा नाव बदलण्यामागचा हेतू असावा. इ.स. १९१२ च्या जूनअखेरीस रेजायना शहराला चक्रीवादळाचा तडाखा बसला तेव्हा त्यांची मंडळी तेथेच अडकली होती. पडझड उपसण्याच्या कामात कार्लॉफ मजुरीवर राबले. ही फिरस्ती नाटके आठवड्याला नवा प्रयोग लावीत. झटपट पाठांतर, तुटपुंजे सामान आणि पडेल ती भूमिका अंगावर घेण्याची तयारी त्यांच्यात आली ती येथे. कमी खर्चाच्या चित्रपटांत पुढे हीच शिदोरी त्यांच्या कामी आली.

मूकपटांचा काळ

इ.स. १९१९ च्या सुमारास ते हॉलिवूडमध्ये गर्दीतील नट म्हणून दाखल झाले. सावळ्या वर्णामुळे त्यांच्या वाट्याला अरब, हिंदी, मेक्सिकन किंवा तांबड्या इंडियनांच्या दुय्यम भूमिका येत आणि त्यांपैकी बहुतेक खलपुरुषांच्या असत. हा वर्ण कोठून आला याची चर्चा त्यांनी टाळली. ज्या रक्तामुळे आजीच्या बहिणीने भाचीशी नाते तोडले, त्याच रक्ताने त्यांना पडद्यावर परकेपणाची कामे मिळवून दिली. हा योगायोग विचार करायला लावणारा आहे.

पोट भरण्यासाठी मधल्या काळात ते मालमोटार चालवीत आणि जड पिंपे स्वतः चढवीत-उतरवीत. पाठीचे दुखणे त्यांना या कामातून जडले. त्या दिवसांत 'हजार चेहऱ्यांचा माणूस' म्हणून प्रसिद्ध असलेले लॉन चेनी यांनी एकदा त्यांना आपल्या मोटारीतून घरी सोडले. जे काम दुसरा कोणी करू शकत नाही किंवा करणार नाही ते शोध, असा सल्ला चेनींनी दिल्याची आठवण कार्लॉफ सांगत. इ.स. १९२६ च्या 'द बेल्स'मधील संमोहनकार आणि इ.स. १९३१ च्या हॉवर्ड हॉक्स दिग्दर्शित 'द क्रिमिनल कोड'मधील कैदी या भूमिकांनी त्यांच्याकडे लक्ष वेधले खरे, पण तोवर त्यांनी वयाची त्रेचाळिशी ओलांडली होती.

'फ्रँकेनस्टाइन'

इ.स. १९३१ च्या फेब्रुवारीत युनिव्हर्सल कंपनीचा 'ड्रॅक्युला' प्रदर्शित झाला आणि त्यातील बेला लुगोसी एका रात्रीत प्रसिद्ध झाले. कंपनीने लगोलग मेरी शेली यांच्या इ.स. १८१८ च्या कादंबरीवर चित्रपट काढण्याचे ठरवले. लुगोसी यांचे नाव प्रथम पुढे होते, पण ते मागे पडले. दिग्दर्शक जेम्स व्हेल यांनी स्टुडिओच्या उपाहारगृहात कार्लॉफ यांचा चेहरा हेरला. फ्रँकेनस्टाइन हे शास्त्रज्ञाचे नाव असून त्याने घडवलेल्या राक्षसाला नावच नाही, हे येथे नमूद करणे इष्ट ठरेल, कारण ही गल्लत सर्रास होते.

राक्षसाचा चेहरा रंगभूषाकार जॅक पिअर्स यांनी घडवला. मेंदू बसवण्यासाठी शल्यविशारदाने कवटीचा वरचा भाग डबीच्या झाकणासारखा कापून उघडला असणार, अशी कल्पना करून त्यांनी डोके सपाट केले. कापूस आणि चिकट द्रावाचे थर चढवून कपाळ पुढे आणले. काळ्या-पांढऱ्या चित्रफितीत त्वचा प्रेतवत दिसावी म्हणून हिरवट-करडा रंग लावला. पापण्या जड दिसाव्यात म्हणून त्यांवर मेण बसवले. कार्लॉफ यांनी स्वतःच्या तोंडातील कृत्रिम दात काढून एक गाल आत ओढून घेतला. हात लांब भासावेत म्हणून कोटाच्या बाह्या आखूड केल्या आणि पायांत जड बूट चढवले. या साऱ्याला रोज सुमारे चार तास लागत, शिवाय ते उतरवण्याचा वेळ निराळा. उन्हाळ्याच्या दिवसांत, दिव्यांच्या उष्णतेत हा साज वागवून त्यांनी काम केले. शास्त्रज्ञाचे काम करणाऱ्या कॉलिन क्लाइव्ह यांना खांद्यावर घेऊन टेकडी चढण्याचे दृश्य वारंवार चित्रित झाल्याने त्यांच्या पाठीची व्यथा कायमची बळावली.

असे असूनही या भूमिकेचे यश केवळ रंगभूषेचे नाही. राक्षसाला एकही वाक्य नाही. छपरातील झरोका उघडून प्रकाश आत येतो तेव्हा तो दोन्ही हात वर करून उजेड पकडू पाहतो, आणि झरोका बंद झाल्यावर मुकाट्याने हात पसरून राहतो. जन्मतःच मोठा झालेल्या, कोणीही न शिकवलेल्या बालकाचा हा अभिनय आहे. तळ्याकाठी लहान मुलगी त्याला पाण्यावर फुले सोडायला शिकवते. फुले संपल्यावर तीही तरंगेल या समजुतीने तो तिला पाण्यात टाकतो. या दृश्याला कार्लॉफ यांचा विरोध होता. परिनिरीक्षणात ते कापले गेले आणि पुढे अनेक वर्षे प्रेक्षकांना राक्षस मुलीकडे हात नेतो एवढेच दिसत राहिले. कापण्याने अर्थ अधिकच भीषण झाला. मूळ तुकडा इ.स. १९८० च्या दशकात पुन्हा जोडण्यात आला.

चित्रपट इ.स. १९३१ च्या नोव्हेंबरात प्रदर्शित झाला. आरंभीच्या श्रेयनामावलीत राक्षसाच्या नटाच्या जागी केवळ प्रश्नचिन्ह होते. पहिल्या खेळाचे निमंत्रणही त्यांना नव्हते. प्रेक्षकांचा प्रतिसाद इतका होता की चार वर्षांनी 'ब्राइड ऑफ फ्रँकेनस्टाइन'च्या आरंभी फक्त 'कार्लॉफ' एवढेच आडनाव झळकले. मुलांकडून येणाऱ्या पत्रांत राक्षसाविषयी भीतीपेक्षा कळवळा असे, याचे त्यांना विशेष समाधान वाटे. इ.स. १९३५ च्या त्या चित्रपटात राक्षसाला बोलते केले, हे मात्र त्यांना रुचले नव्हते. इ.स. १९३९ च्या 'सन ऑफ फ्रँकेनस्टाइन'नंतर त्यांनी ही भूमिका चित्रपटात पुन्हा केली नाही. त्या चित्रपटाचे काम चालू असताना, त्यांच्या एक्कावन्नाव्या वाढदिवशी, त्यांना कन्या झाली.

दरम्यान 'द ओल्ड डार्क हाऊस' आणि 'द ममी' (दोन्ही १९३२), जॉन फोर्ड दिग्दर्शित 'द लॉस्ट पेट्रोल' (१९३४), लुगोसींसोबतचा 'द ब्लॅक कॅट' (१९३४) हे त्यांचे चित्रपट आले. त्यांपैकी 'द ममी'तील मलमपट्ट्यांची रंगभूषा तर आठेक तास चाले आणि पडद्यावर ती जेमतेम काही क्षण दिसते.

नटांची संघटना

'फ्रँकेनस्टाइन'च्या वेळी एकदा सलग पंचवीस तास काम करावे लागल्याची आठवण कार्लॉफ यांच्या मनात सलत होती. नटांच्या कामाच्या तासांना त्या काळी बंधनच नव्हते. इ.स. १९३३ मध्ये चित्रपट-नटांची संघटना स्थापन झाली, तेव्हा पुढाकार घेणाऱ्या मोजक्या नटांत ते होते. त्यांचा सभासद क्रमांक नऊ होता. कंपन्यांचे मालक संघटनेच्या विरोधात असल्याने आरंभीच्या बैठका गुपचूप भरत. कामावरून काढले जाण्याचा धोका खरा होता आणि दीर्घ काळ उपेक्षेत काढल्यानंतर नुकतेच नाव झालेल्या नटाने तो पत्करावा, हे विशेषच म्हटले पाहिजे. आजही त्यांच्या चरित्रात या प्रकरणाला द्यावी तेवढी जागा दिली जात नाही, कारण वाचकाला राक्षस हवा असतो.

ते हॉलिवूड क्रिकेट क्लबचे हौशी खेळाडू होते, आणि इ.स. १९४० मध्ये बाल्टिमोरच्या एका रुग्णालयात अपंग मुलांसाठी ते नाताळबाबाही झाले होते.

कमी खर्चाचे भयपट

इ.स. १९३६ नंतर भयपटांना उतरती कळा लागली. ब्रिटिश परिनिरीक्षण मंडळाने अशा चित्रपटांसाठी वेगळे, फक्त प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र काढले आणि इंग्लंडची बाजारपेठ आकुंचन पावली. इ.स. १९३८ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका डबघाईला आलेल्या चित्रपटगृहाने 'ड्रॅक्युला' आणि 'फ्रँकेनस्टाइन' हे जुने चित्रपट एकत्र लावले आणि रांगा लागल्या. भय विकले जाते, आणि तेही जुने, हा धडा कंपन्यांनी तेथे घेतला. आणखी एक गोष्ट त्यांनी हेरली : भयपटाला मोठा नट, परदेशी स्थळे किंवा भव्य देखावे लागत नाहीत. एक वाडा, अंधार, थोडा धूर आणि ओळखीचे एक नाव असले की भागते. असे ओळखीचे नाव म्हणजे कार्लॉफ.

मोनोग्रॅम या छोट्या कंपनीसाठी त्यांनी पाच चित्रपटांत 'मिस्टर वाँग' हा चिनी गुप्तहेर रंगवला. कोलंबियासाठी 'द मॅन दे कुड नॉट हँग' (१९३९), 'बिफोर आय हँग' (१९४०), 'द डेव्हिल कमांड्स' (१९४१) असे काही चित्रपट केले. त्यांचा साचा बहुतांशी एकच : मानवजातीच्या भल्यासाठी झटणारा वैज्ञानिक, समाजाचा अविश्वास आणि मग सूड. पटकथा बेतास बात असल्या तरी कार्लॉफ यांनी कोठेही काम उरकल्यासारखे दिसत नाही. संहिता कितीही हलकी असो, पात्राचे दुःख खरे मानून ते उभे राहत. या चित्रपटांचे आकर्षण पुढील पिढ्यांना वाटत राहिले, त्याचे मोठे कारण हे असावे. कापडी भिंत हललेली दिसते, वटवाघळाची दोरी दिसते, तरी माणसाचा चेहरा खोटा वाटत नाही.

या साचेबंद कामातून त्यांना बाहेर काढले आरकेओ कंपनीचे निर्माते व्हॅल ल्युटन यांनी. कंपनी ल्युटनना भडक शीर्षक आणि तुटपुंजा पैसा देई, बाकी मोकळीक होती. दुसऱ्या चित्रपटांसाठी उभारलेले देखावे वापरून आणि राक्षस न दाखवता सावली व आवाज यांवर भिस्त ठेवून ते चित्रपट काढीत. त्यांच्याकडे कार्लॉफ यांनी 'द बॉडी स्नॅचर' (१९४५), 'आयल ऑफ द डेड' (१९४५) आणि 'बेडलम' (१९४६) हे तीन चित्रपट केले.

रॉबर्ट वाइज दिग्दर्शित 'द बॉडी स्नॅचर' ही अनेकांच्या मते त्यांची सर्वोत्तम भूमिका आहे. इ.स. १८३१ च्या एडिंबरोत जॉन ग्रे हा घोडागाडीवाला दिवसा उतारू नेतो आणि रात्री वैद्यक महाविद्यालयाला प्रेते पुरवतो. प्रेते पुरेनाशी झाली की तो ती तयारही करतो. एका दृश्यात रस्त्यावर गाणारी आंधळी मुलगी काळोख्या कमानीखालून पुढे जाते. मागोमाग ग्रेची गाडी संथपणे त्या काळोखात शिरते. पडद्यावर काहीच दिसत नाही. गाणे ऐकू येत राहते आणि मधेच तुटते. एक थेंबही रक्त न दाखवता खून दाखवणाऱ्या या क्षणाला खर्च जवळजवळ शून्य आला असेल.

शेवटचा प्रसंगही वाहनाचाच आहे. ग्रेला ठार मारणारा डॉक्टर मॅकफार्लेन वादळी रात्री एक प्रेत गाडीत घालून निघतो. विजेच्या उजेडात त्याला शेजारचे प्रेत ग्रेचे दिसते, घोडे उधळतात, गाडी प्रेतासह धावत सुटते आणि डॉक्टरला घेऊन कड्यावरून कोसळते. माणसाच्या हातातून सुटलेले, जणू स्वतःच्या इच्छेने मारणारे वाहन हा भयपटांतील प्रकार पुढे फार बोकाळला. स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या 'ड्युएल' (१९७१) मध्ये चालकाचा चेहराही न दिसणारी मालमोटार एका साध्या माणसाचा पाठलाग करते. 'द कार' (१९७७) मध्ये तर चालकच नाही. इंजिनाऐवजी घोडे असले तरी 'द बॉडी स्नॅचर'ची गाडी या मालिकेच्या आधीची ठरते, आणि भीतीचे कारण तिच्यात अधिक स्पष्ट आहे : ज्याच्यावर बसून आपण निर्धास्त असतो, तेच आपल्याला न विचारता चालू लागते.

इ.स. १९५० च्या दशकातील त्यांच्या किरकोळ चित्रपटांत 'सबाका' हा हिंदुस्थानात घडणारा एक साहसपट आहे. त्यात ते महाराजांचे सेनापती झाले आहेत. पूर्वजांच्या भूमीशी पडद्यावर आलेला हा संबंध असा सवंग निघाला.

रंगभूमी आणि आवाज

इ.स. १९४१ च्या जानेवारीत ब्रॉडवेवर 'आर्सेनिक अँड ओल्ड लेस' हे विनोदी नाटक आले. त्यातील खुनी पात्राला कोणी बोरिस कार्लॉफसारखा दिसतोस असे म्हटले की ते चवताळते. ही भूमिका कार्लॉफ स्वतः करीत. इ.स. १९५० मध्ये ते 'पीटर पॅन'मधील कॅप्टन हूक झाले. इ.स. १९५५ च्या 'द लार्क'मधील बिशप कोशाँ या भूमिकेसाठी त्यांना टोनी पुरस्काराचे नामांकन मिळाले. मुलांसाठी त्यांनी किपलिंग यांच्या कथा ध्वनिमुद्रित केल्या. इ.स. १९६६ च्या 'हाऊ द ग्रिंच स्टोल ख्रिसमस' या चित्रवाणीवरील व्यंगपटाला त्यांचा आवाज आहे आणि त्याच्या ध्वनिमुद्रिकेला ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

अखेरची वर्षे

इ.स. १९६० च्या दशकात रॉजर कॉर्मन या दिग्दर्शक-निर्मात्याने काटकसरीचा कळस गाठला. 'द रेव्हन' (१९६३) चे काम आटोपत आले असता उभे देखावे मोडण्यापूर्वी त्यांचा आणखी उपयोग करावा असे कॉर्मनच्या मनात आले. कथा पुरती तयार नसताना त्याने कार्लॉफ यांना मोजके दिवस थांबवून घेतले आणि त्यांची दृश्ये चित्रित करून टाकली. उरलेला भाग महिनोन्महिने निरनिराळ्या साहाय्यकांनी पुरा केला. फ्रान्सिस फोर्ड कोपोला त्यांपैकीच एक. 'द टेरर' (१९६३) या नावाने आलेल्या त्या चित्रपटाची कथा सुसंगत लागत नाही, हे त्याचे चाहतेही मान्य करतात. त्याच वर्षी इटालियन दिग्दर्शक मारिओ बाव्हा यांच्या 'ब्लॅक सबाथ'मध्येही त्यांनी काम केले.

कराराप्रमाणे कार्लॉफ यांचे दोन दिवसांचे काम कॉर्मनकडे शिल्लक होते. ते दोन दिवस आणि 'द टेरर'मधील काही दृश्ये वापरून वाटेल तो चित्रपट कर, असे त्याने पीटर बोगदानोविच या तरुणाला सांगितले. त्यातून 'टार्गेट्स' (१९६८) निर्माण झाला. कार्लॉफ यांनी त्यात बायरन ऑर्लॉक या वृद्ध भयपट-नटाचे काम केले. वर्तमानपत्रातील खऱ्या हत्याकांडांपुढे आपले भुताखेतांचे चित्रपट कोणाला भिववणार, या विचाराने ऑर्लॉक निवृत्त होऊ पाहतो. त्याच वेळी शहरातील एक सालस दिसणारा तरुण घरच्यांना ठार करून बंदुका घेऊन बाहेर पडतो. इ.स. १९६६ मध्ये ऑस्टिन येथे घडलेल्या गोळीबाराची याला पार्श्वभूमी आहे. दोन्ही कथानके उघड्यावरील चित्रपटगृहात एकत्र येतात. प्रेक्षक आपापल्या मोटारींत बसून ऑर्लॉकचा जुना भयपट पाहत आहेत, आणि पडद्यामागून तरुण त्यांच्यावर गोळ्या झाडतो आहे. सुरक्षित वाटणारी मोटार येथे पिंजरा होते. अखेरीस पडद्यावरचा ऑर्लॉक आणि समोरून चालत येणारा ऑर्लॉक यांतला खरा कोणता, हे त्या तरुणाला उमगत नाही. म्हातारा नट काठीने त्याच्या हातातील पिस्तूल उडवतो आणि त्याला थपडा मारतो.

हे काम केले तेव्हा कार्लॉफ यांचे फुप्फुस जेमतेम अर्धे काम देत होते आणि पायाला आधाराची पट्टी होती. ठरलेल्यापेक्षा अधिक दिवस ते खुशीने थांबले. एक लांबलचक गोष्ट सांगण्याचे दृश्य त्यांनी न थांबता एका दमात पुरे केले, तेव्हा तंत्रज्ञांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतरही चाकाच्या खुर्चीत बसून, दृश्यांच्या मध्ये प्राणवायू घेत, त्यांनी एका मेक्सिकन निर्मात्यासाठी चार अतिशय सुमार चित्रपट केले. काम करीत असतानाच मरण यावे, ही त्यांची इच्छा होती. २ फेब्रुवारी, इ.स. १९६९ रोजी इंग्लंडमधील मिडहर्स्ट येथील रुग्णालयात त्यांचे निधन झाले. ते चार चित्रपट त्यांच्या पश्चात प्रदर्शित झाले.

मरणोत्तर

अमेरिकेच्या टपाल खात्याने इ.स. १९९७ मध्ये भयपटांतील पात्रांवर तिकिटे काढली. त्यांत राक्षस आणि ममी अशा दोन रूपांत कार्लॉफ आहेत. हिंदी चित्रपटसृष्टीत रामसे बंधूंनी 'दो गज जमीन के नीचे' (१९७२) पासून कमी खर्चाच्या भयपटांची जी परंपरा चालवली, तिचे तंत्र बरेचसे हेच होते : रंगभूषेवर भर, प्रत्यक्षातील जुने बंगले आणि घरचीच माणसे. 'पुराना मंदिर' (१९८४) मधील सामरी हा राक्षस त्याच कुळातला आहे.

घराण्याचे मूळ उजेडात आले ते अगदी आडवाटेने. डब्ल्यू. एस. ब्रिस्टो हे कोळी या जीवाचे इंग्रज अभ्यासक ॲना लिओनोवेन्सच्या मुलाचे चरित्र लिहीत होते. वेल्समध्ये ॲनाच्या जन्माची नोंद त्यांना सापडेना. शोध घेत ते हिंदुस्थानातील लष्करी दप्तरांपर्यंत पोहोचले आणि अहमदनगरच्या सार्जंट एडवर्ड्सच्या दोन मुली त्यांच्या हाती लागल्या. त्यांचे पुस्तक इ.स. १९७६ मध्ये प्रसिद्ध झाले. कार्लॉफ यांच्या निधनाला तेव्हा सात वर्षे झाली होती.